बंद ट्रॅक्टरचं जाम इंजिन: पिस्टन न फोडता कसं सोडवायचं

पाच-सहा पावसाळे गोठ्यामागे उभा असलेला ट्रॅक्टर घेतला, चार्ज केलेली बॅटरी लावली, किल्ली फिरवली आणि स्टार्टरने नुसतं ‘टक्’ केलं, तर किल्ली पुन्हा फिरवू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून गिअरमध्ये ओढायचा सल्ला गावात हमखास मिळेल, तोही ऐकू नका. जाम इंजिन ओढलं की मागच्या टायरची सगळी पकड गिअरबॉक्समधून क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवर, येते. पिस्टन गंजाने धरलेला, क्रँक फिरायला बघतोय, आणि मधल्यामध्ये दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम नव्या रिंगा आणि होनिंगवर (सिलिंडरची भिंत हलकी घासून घेण्यावर) भागलं असतं, ते रॉड, पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी) आणि कधी ब्लॉकपर्यंत जातं.

इथला क्रम उभ्या-उभ्या गंजून जाम झालेल्या इंजिनासाठी आहे. चालता चालता जाम झालेलं इंजिन ही वेगळी गोष्ट. पाणी संपून तापलं असेल तर ॲल्युमिनियमचा पिस्टन लायनरला घासून चिकटलेला असतो, ऑइल संपलं असेल तर बेअरिंगने क्रँक धरलेला असतो. त्यात तेल ओतून आठवडाभर थांबण्यात अर्थ नाही, इंजिन उघडावंच लागतं. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ट्रॅक्टर चालू स्थितीत उभा केला होता, की बंद पडला म्हणून उभा राहिला?

पाणी शिरतं कुठून

बहुतेक वेळा उभ्या सायलेन्सरमधून. वर झाकण नाही, पाऊस सरळ खाली मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना सायलेन्सरशी जोडणाऱ्या बिडाच्या नळीत) जातो. इंजिन थांबताना एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यातून पाणी पिस्टनच्या डोक्यावर साचतं. लायनर आणि रिंगा दोन्ही बिडाच्या. गंजाचा आकार मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे रिंग आणि लायनरमधली फट तो भरून काढतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. यातून एक दिलासाही आहे: सहसा सगळे सिलिंडर नाही, एखाद-दुसराच धरलेला असतो.

सामान आणि पान्यांचा घोळ

लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल १ लिटर, ॲसिटोन अर्धा लिटर, ५ लिटर डिझेल, ८० आणि १८० नंबरचा एमरी पेपर, २ किलोचा हातोडा, बाभळीचा सुका ठोकळा, मेणबत्ती, गॅसचा टॉर्च, खडू, आणि टोकाशी खूण करता येईल अशी सायकलची एक आरी.

पाने नीट बघून घ्या. मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा इंटरनॅशनल बी-२७५ घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांचे नट-बोल्ट इंचातले आहेत, एचएमटी-झेटरचे मिलिमीटरमधले. ९/१६ इंचाचा नट १४.३ मिमी भरतो. १४ चा पाना त्यावर जात नाही, १५ चा जातो आणि गंजलेल्या नटाची सहाही टोकं गोल करून मोकळा होतो. ३/४ इंचाला १९ चा आणि ५/८ ला १६ चा पाना चालून जातो. १/२ इंच म्हणजे चार सुती नटाला १३ चा पाना ढिला पडतो. इंची रिंग पान्यांचा आणि सहा कोनी सॉकेटचा संच मिळवा. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटावर घसरतं.

आधी खात्री करा की इंजिनच जाम आहे

चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गिअर आणि पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) न्यूट्रल करा. मग स्टार्टर उतरवा. त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या दातांत अडकून बसलं असेल तर पूर्ण इंजिन जाम असल्यासारखं वाटतं, आणि स्टार्टर काढताक्षणी क्रँक मोकळा होतो. फॅन बेल्टही काढा, गंजलेला वॉटर पंप किंवा डायनॅमो असाच फसवतो. क्लचचं पेडल दाबून बांधून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्स वेगळा पडेल. डिझेल पंप आतून धरलेला असला तरी टायमिंग गिअर अडतात, ही शक्यता लक्षात असू द्या.

ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग सावकाश ढिला करा. आधी पाणी आलं तर ते किती आलं ते मोजा. रेडिएटर रिकामा आणि चेंबरमध्ये दोन-तीन लिटर पाणी असेल, तर ते सायलेन्सरमधून नाही, हेड गॅस्केटमधून, लायनरच्या रबर रिंगमधून किंवा तडकलेल्या ब्लॉकमधून आलेलं असू शकतं. पुढचा खर्च ठरवताना ही गोष्ट उपयोगी पडते.

नोझल काढणं

क्रँकला हात लावण्याआधी सिलिंडरात डिझेल फवारणारे सगळे नोझल बाहेर पाहिजेत. एखादा सिलिंडर पाण्याने भरलेला असेल तर पाणी दबत नाही, आणि जोर लावला की रॉड वाकतो. आजूबाजूची माती वायर ब्रशने आणि डिझेलने काढा, नाहीतर ती भोकातून आत पडते. पाइप सोडा, तोंडं स्वच्छ चिंधीने बांधा, प्रत्येक नोझलवर नंबर टाका. नोझल कार्बनने धरलेला असेल तर बुडाशी एटीएफ-ॲसिटोन सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी बॉडी पान्याने थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे हलवा. खाली पहार घालून उचकटू नका, फ्लँज तुटते. खालचा तांब्याचा वॉशर भोकातच राहतो, तो वाकड्या तारेने काढा. जुना तसाच राहिला आणि वर नवा बसला तर नोझल उंच बसतो, धूर येतो आणि कारण सापडत नाही.

भिजवणं

एटीएफ आणि ॲसिटोन समान मापाने बाटलीत घ्या. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी हलवून लगेच ओता. ॲसिटोन पातळ असल्याने तेल फटीत ओढून नेतं आणि उडून जातं. त्याची वाफ चटकन पेट घेते, तेव्हा जवळ बिडी, वेल्डिंग, टॉर्च काही नको. ॲसिटोन नसेल तर डिझेल आणि एटीएफ चालतं, फक्त दिवस जास्त लागतात.

किती ओतायचं? मॅसी ३५ मधल्या पर्किन्सच्या तीन सिलिंडरी इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९१.४ मिमी आहे. म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्र साधारण ६५ चौरस सेंमी, आणि १०० मिलीने दीड सेंमी उंच थर भरतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये तेवढं पुरे. आरी भोकातून पिस्टनला टेकेपर्यंत घाला, बाहेर काढून तेल कुठवर लागलं ते बघा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मापा. जिथलं तेल उतरलं तिथे रिंगांमधून वाट आहे. जिथलं जसंच्या तसं आहे, तो सिलिंडर गंजाने सीलबंद झालाय, आणि बहुधा तोच गुन्हेगार. काही इंजिनांत नोझल थेट सिलिंडरात न उघडता वेगळ्या चेंबरमध्ये उघडतो. तिथे आरी पिस्टनपर्यंत जात नाही, हेड काढल्यावरच कळतं.

चार दिवस रोज तेल वाढवा आणि रोज एकदा हलवून बघा. हलवायची जागा महत्त्वाची. पुढच्या क्रँक पुलीच्या नटावर सॉकेट लावलं तर फक्त इंजिन फिरायच्या दिशेनेच जोर लावता येतो, उलटा लावला की नटच सुटतो. आणि इथे तर दोन्ही दिशांनी हलवायचंय. म्हणून स्टार्टरच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दातांवर काम करा. हाउसिंगच्या कडेला लोखंडी पट्टी ठेवा म्हणजे बीड तुटणार नाही, आणि अडीच फुटी पहारीचं चपटं टोक दातांच्या बुडाशी टेकवा. एकदा पुढे, एकदा मागे. दोन हातांचा जोर हीच मर्यादा, पहारीवर पाइप चढवू नका.

दातांवर आणि हाउसिंगवर समोरासमोर खडूची रेघ मारा. पहिली हालचाल एखाद्या मिलिमीटरची असते, हाताला कळत नाही, रेघेवर दिसते. रेघ हलली की पुढे ढकलत सुटायचं नाही. तेवढीच मागे आणा, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. गंजाचा चुरा रिंगांपुढे गोळा होतो, आणि त्यालाच रेटत नेलं तर लायनरवर उभे ओरखडे पडतात.

गरम पाण्याचा उपाय

चार दिवसांत रेघ हलली नाही, तर रेडिएटर आणि ब्लॉक रिकामे करून जवळजवळ उकळतं पाणी रेडिएटरच्या तोंडातून जॅकेट (ब्लॉकमधली पाण्याची पोकळी) भरेपर्यंत ओता. अर्धा तास ठेवून सोडून द्या, इंजिन आपोआप गार होऊ द्या, मग सिलिंडरात ताजं तेल घाला. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गरम होताना पिस्टन गंजाला दाबतो आणि थर तडकतो, गार होताना आक्रसतो आणि तेल आत ओढलं जातं. असे तीन-चार फेरे करा. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नका. ब्लॉकच्या एका ठिकाणी गॅसची ज्योत धरण्याने बीड तडकतं, ते तर कधीच करू नका. एअर-कूल्ड आयशरला हा उपाय लागू नाही, पण त्याचा बाहेरून फिन (गार होण्यासाठीच्या पातळ कडा) असलेला सिलिंडर वेगळा निघतो, त्यामुळे पुढचं काम सोपं आहे.

हेड काढताना मॅनिफोल्डचे स्टड

एवढं करूनही हललं नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायचं. हेडपेक्षा जास्त त्रास मॅनिफोल्डचे नट देतात, कारण ते वर्षानुवर्षं तापून-गार होऊन बसलेले असतात. इथे तेलापेक्षा उष्णता कामाची. आधी डिझेल टाकी आणि पाइप लांब करा, सांडलेलं तेल पुसा, ॲसिटोनचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि नोझलची भोकं बंद करा. ज्योत नटावर धरा, स्टडवर नाही. नट फुगला पाहिजे, स्टड नाही. सावलीत नट मंद लाल दिसला की ज्योत काढा, लाली जाऊ द्या आणि मेणबत्तीचं टोक आट्यांना टेकवा. मेण वितळून आत ओढलं जाताना डोळ्यांनी दिसतं. नट कोमट झाल्यावर पाना लावा, आधी किंचित आवळा, मग सोडा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळा. नट सुटताना करकर आवाज येत असेल तर काम बरोबर चाललंय. आवाज न होता पाना मऊ-मऊ फिरू लागला तर थांबा, स्टड पिळला जातोय.

तरीही स्टड तुटला आणि थोडा बाहेर असेल, तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरा. वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. लाली गेल्यावर नटाला पाना लावून मागे-पुढे हलवा. पहिल्यांदा नट निघून आला तर दुसरा लावा, तीन-चार वेळा करायची तयारी ठेवा. स्टड पृष्ठभागाला समतळ तुटला असेल तर बरोबर मधोमध पंच मारून आधी ३ मिमी, मग मोठं भोक पाडा. ‘इझी आउट’ (तुटलेला स्टड काढायचा उलट्या आट्यांचा तुकडा) घालायचा मोह आवरा. ज्या स्टडने पान्याला दाद दिली नाही, तो त्या बारीक कठीण तुकड्याला देत नाही. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने कापलाही जात नाही. ३/८ इंची जाड आट्यांच्या स्टडला ८ मिमी, बारीक आट्यांना ८.५ मिमी ड्रिलपर्यंत जाऊन उरलेल्या आट्या टोकदार खिळ्याने उचकटा आणि टॅप फिरवा. भोक मधून सरकलं असेल तर पुढे जाऊ नका, लेथवाल्याकडे द्या.

उष्णतेबद्दल आणखी एक, जीवावरची गोष्ट. टायर चढवलेल्या रिमच्या बोल्टला कधीही गॅस किंवा वेल्डिंग लावू नका. आतलं रबर तापून वायू तयार होतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. हवा सोडली तरी धोका पूर्ण जात नाही. आधी टायर उतरवायचा.

हेडचे नट बाहेरून मध्याकडे, तीन फेऱ्यांत थोडे-थोडे सोडा. पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने टोचून ठेवा. हेड स्टडवर अडकलं तर ब्लॉक आणि हेडच्या फटीत छिन्नी घालू नका, तिचा ओरखडा म्हणजे पुढे कायमची गॅस्केट गळती. स्टडच्या भोकांत तेल सोडा, चेन पुलीने हेडला हलका ताण द्या आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून चारी बाजूंनी ठोका.

पिस्टनवर ठोकायचं, पण कुठे आणि केव्हा

हेड निघालं की चित्र समोर येतं. मोकळ्या सिलिंडरची भिंत तपकिरी-चकचकीत, जाम सिलिंडरात पिस्टनच्या वर गंजाचा खरबरीत पट्टा. हा पट्टा आधी साफ करा. ८० च्या एमरी पेपरने डिझेल लावून, मग १८० ने, बोट फिरवून कड लागेनाशी होईपर्यंत. चुरा ग्रीस लावलेल्या फडक्याने उचला. अनेक जण इथेच घाई करतात आणि वाचण्यासारखा लायनर घालवतात.

आता पिस्टनची उंची बघा. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात. वरून कितीही ठोका, घाव सरळ बेअरिंगवर जातो, क्रँक फिरत नाही. तीन सिलिंडरी इंजिनात क्रँक १२० अंशांवर असल्याने एकावेळी एकच पिस्टन असा अडकतो. चार सिलिंडरी इंजिनात मात्र १ आणि ४ वर असतील तर २ आणि ३ खाली असतात, म्हणजे चारही निरुपयोगी. तेव्हा फ्लायव्हीलवरूनच हलवावं लागतं.

पिस्टन मधल्या उंचीवर असेल तर ठोका. बाभळीचा ठोकळा बोअरपेक्षा ३ मिमी कमी व्यासाचा, म्हणजे मॅसी ३५ साठी ८८ मिमीचा गोल, १५ सेंमी लांब, लेथवर करून घ्या. तो पिस्टनच्या कडेवर टेकला पाहिजे. मधोमध वाटीवर घाव पडला तर डोकं तडकतं. एक मोठा घाव नको, शंभर मध्यम हवेत. गंजाचा बंध हादऱ्यांनी तुटतो. मदतीला एक जण फ्लायव्हीलच्या पहारीवर हलका ताण ठेवून असू द्या. एक-दोन सेंमी खाली गेला की थांबा, वरची उघडी पडलेली भिंत साफ करा, तेल लावा, मग वर आणा.

नेमका कोणता पिस्टन धरलाय हे कळत नसेल तर ऑइल चेंबर उतरवा आणि रॉडच्या कॅप एकेक करून सोडा. कॅप आणि रॉडवर आधी नंबर पंच करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. ज्याची कॅप सोडल्यावर क्रँक फिरला, तोच अडलेला.

इथून पुढे लायनरवर अवलंबून आहे. झेटरसारख्या इंजिनात वेट लायनर आहे, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारा आणि वेगळा निघणारा. पिस्टन हट्टाने बसलाच तर रॉड सोडून लायनर पुलरने पिस्टनसकट वर ओढा आणि वर्कशॉपच्या हायड्रॉलिक प्रेसवर वेगळे करा. लायनर नवा बसेल, खालच्या रबर रिंगा नव्या लागतील. फोर्ड ३००० सारख्या इंजिनात लायनरच नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. तिथे प्रत्येक ओरखडा ब्लॉकवर पडतो आणि बोअरिंगला न्यावा लागतो, म्हणून तिथे आणखी आठवडाभर भिजवणं परवडतं.

ग्रीसचा दाब

हेड अजून जागेवर असेल आणि कोणत्या सिलिंडरात अडलंय हे माहीत असेल, तर हा उपाय ठोकण्यापेक्षा चांगला. बाद नोझलच्या बॉडीतून आरपार भोक पाडून त्यावर ग्रीस निपल बसवून घ्या. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर शाफ्ट काढा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद राहतील. मग ग्रीस गनने ग्रीस भरा. ५० किलो प्रति चौरस सेंमी दाबाला मॅसी ३५ च्या ६५ चौरस सेंमी पिस्टनवर सव्वातीन टन जोर येतो, तोही सगळीकडे सारखा. चालू डिझेल इंजिनात याहून जास्त दाब येतच असतो, त्यामुळे हेड आणि रॉडला तो पेलतो. पिस्टन अगदी टोकाला असेल तर इथेही उपयोग नाही. हवेच्या कॉम्प्रेसरने हे करू नका, दबलेली हवा सुटताना भाग उडवते. त्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२७ मिमी आहे, म्हणून पिस्टन वरून खालपर्यंत न्यायला पाऊण लिटरहून जास्त ग्रीस जातं. ते नंतर पूर्ण काढावं लागतं.

मोकळं झाल्यावर

क्रँक फिरला की लगेच स्टार्ट करू नका. आधी प्रत्येक व्हॉल्व्ह लाकडी हातोडीने टिचकी मारून वर-खाली होतोय का बघा, मग हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडकलेल्या व्हॉल्व्हवर फिरवलं की पुश रॉड वाकतो. लायनरमध्ये नखात अडकणारे खड्डे असतील तर लायनर बदला, नुसते काळे डाग असतील तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात.

डिझेल पंपाचा स्टॉप लिव्हर हलतो का, ते स्टार्ट करण्यापूर्वी बघा. पंपातली रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पूर्ण डिझेलवर अडकलेली असेल तर इंजिन पहिल्याच फटक्यात बेभान पळतं आणि किल्लीने थांबत नाही. एअर क्लीनरचा पाइप सोडून तोंडाशी एक सपाट फळी घेऊन माणूस उभा करा. इंजिन पळालं तर फळी तोंडावर दाबायची, हात नाही. नवं ऑइल, नवा फिल्टर, स्टॉप लिव्हर ओढलेला, आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर. मगच डिझेल सोडा. पंधरा मिनिटं हळू चालवून गरम असतानाच ते ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण गंजाचा उरलेला चुरा त्यातच उतरलेला असतो. आणि त्याच दिवशी सायलेन्सरवर पत्र्याचं झाकण बसवा.